नोटेची मागची बाजू

जर्मनीत वेझर नदीच्या काठी हामेल्न नावाचं गाव आहे. आपण त्याला हॅमेलिन म्हणतो. पुंगीवाल्याची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला जर्मनीतल्या पाच गावांची नावं सांगता येणार नाहीत कदाचित, पण हे एक नाव नक्की सांगता येईल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या गावाने स्वतःच्या छोट्या नोटा छापल्या आणि त्यांवर आपला पुंगीवाला काढला.

गोष्ट आठवून पाहा. गावात उंदरांचा सुळसुळाट झालेला. पुंगीवाला येतो, पैसे ठरतात, उंदीर नदीत बुडतात. मग गावकरी हात वर करतात, ठरलेले पैसे देत नाहीत. पुंगीवाला पुन्हा पुंगी वाजवतो आणि या वेळी गावची मुलं त्याच्या मागे जातात. दंतकथेने तारीखही जपली आहे: २६ जून १२८४. मुलं होती १३०. म्हणजे ही गोष्ट मुळात एका बुडवलेल्या देण्याची. नोट म्हणजे तर देण्याचं वचन. आपल्या गावाने एकदा शब्द मोडला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, ही आठवण हामेल्नने नेमकी वचनाच्या कागदावर छापली. ती जाणूनबुजून छापली की गावची ओळख तीच म्हणून आपोआप आली, ते बाजूला ठेवू. पण नोट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट पाठ होती.

अशा नोटांना जर्मन भाषेत नोटगेल्ड म्हणतात. ‘नोट’ म्हणजे गरज, अडचण, संकट. ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. अडीअडचणीचा पैसा. शब्दातला ‘नोट’ आणि आपली नोट यांचा उच्चार सारखा असला, तरी अर्थाने त्यांचा काही संबंध नाही.

ही अडचण आली ती सुट्या पैशांची. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, राइश्सबांकेने, नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी काय करायचं ते केलं: सोन्याची नाणी दडवली, चांदीची दडवली, पुढे जे नाणं हाती लागेल ते दडवलं. काही दिवसांतच दुकानात मोड मिळेना. मोठी नोट खिशात आहे, पण पाव घ्यायला गेलं तर दुकानदार उरलेले पैसे परत देऊ शकत नाही. पुढची दोन-तीन वर्षं सरकारनेच हा प्रश्न वाढवत नेला. तांबं आणि निकेल तोफगोळ्यांना हवं होतं, म्हणून त्या धातूंची नाणी चलनातून काढून घेतली गेली. त्यांच्या जागी लोखंड, जस्त, अॅल्युमिनियमची नाणी आली, ती पुरली नाहीत.

याच युद्धाने आपल्याकडेही चांदीची टंचाई केली होती. भारतात पहिली एक रुपयाची कागदी नोट ३० नोव्हेंबर १९१७ रोजी निघाली ती त्यामुळेच, आणि त्यापाठोपाठ अडीच रुपयांचीही नोट आली. पण इथे नोट काढली सरकारने, आणि ती साऱ्या देशासाठी एकच. जर्मनीत मात्र ते काम गावागावांवर पडलं. नगरपालिका, तालुके, बचत बँका, कारखाने, खाणी, सगळ्यांनी आपापल्या नोटा काढल्या. सरकारचा त्यांना उघड पाठिंबा नव्हता, पण दुसरा उपाय नसल्याने सरकारने डोळेझाक केली.

सुरुवातीच्या नोटांत पाहण्यासारखं काही नाही. साधा कागद किंवा पुठ्ठा, त्यावर रक्कम, शिक्का, सही. घाईत केलेलं काम घाईत केल्यासारखंच दिसतं. १९१७-१८ नंतर चित्र पालटलं, आणि ‘चित्र’ हा शब्द मी इथे अगदी शब्दशः वापरतो आहे.

का पालटलं असावं? राइश्सबांकेच्या नोटेमागे साम्राज्य उभं होतं. गावच्या नोटेमागे गावची तिजोरी, म्हणजेच गाव. ती चालायची गावाच्या वेशीपर्यंत, फार तर शेजारच्या बाजारापर्यंत. १९१८ च्या नोव्हेंबरात सम्राट पळून गेला, देश युद्ध हरला, साम्राज्याचं नाव घेऊन कुणाला धीर द्यावा अशी स्थिती राहिली नाही. उरलं काय? चर्चचा मनोरा, वेशीचा दरवाजा, जुना पूल, आजीने सांगितलेली गोष्ट. पैशावर विश्वास ठेवा असं सांगण्यासाठी गावांनी तेच पुढे केलं. मला या साऱ्या कागदांत हीच गोष्ट सर्वांत हृद्य वाटते. मोठी सत्ता कोसळल्यावर माणसं जे पहिल्यांदा चाचपून पाहतात, ते या नोटांच्या मागच्या बाजूवर छापलेलं आहे.

नाउमबुर्गचं उदाहरण घेऊ. झाले नावाच्या नदीकाठचं हे छोटं शहर त्याच्या कॅथेड्रलमधल्या दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण नोटांवर त्याने काढला तो चेरी महोत्सव. कथा अशी सांगतात की १४३२ साली बोहेमियातल्या हुसपंथी सैन्याने शहराला वेढा घातला. सेनापती होता प्रोकोप. शहराचा निभाव लागेना, तेव्हा एका शिक्षकाच्या सांगण्यावरून शहरातली मुलं पांढरे सदरे घालून शत्रूच्या छावणीत गेली आणि दयेची याचना करू लागली. प्रोकोपचं मन द्रवलं. त्याने मुलांना चेरी खाऊ घातल्या आणि वेढा उठवला. इतिहासकारांना या वेढ्याचा पुरावा सापडलेला नाही. हुसपंथी सैन्य त्या साली नाउमबुर्गला आलंच नव्हतं असं ते सांगतात. पण त्या कथेचा उत्सव शहर आजही जूनच्या अखेरीस साजरा करतं.

या नोटांचं काम वाल्टर हेगे या तिथल्याच तरुण कलाकाराने केलं. पुढे कॅथेड्रलच्या त्याच पुतळ्यांची छायाचित्रं काढून त्याने नाव कमावलं. नोटांसाठी त्याने निवडली छायाकृती: कात्रीने काळा कागद कापून केल्यासारखी चित्रं. तंबू, भाले, घोडे, मुलांची रांग, सगळं काळ्या आकारांत. इतक्या छोट्या कागदावर बारीक रेखाटन केलं असतं तर छपाईत बुजून गेलं असतं; काळा आकार मात्र लांबूनही ओळखू येतो. आणि छायाकृतीत चेहरा नसतो. ती मुलं नाउमबुर्गमधल्या कुठल्याही घरातली असू शकत होती. चार वर्षं बाप आणि भाऊ आघाडीवर पाठवून, त्यांतले कित्येक कायमचे गमावून बसलेल्या शहरात, मुलांनी सैन्य परतवल्याची ही चित्रं रोज हातातून हातात जात होती.

एकदा हे लोण पसरल्यावर कुठलंच गाव मागे राहिलं नाही. बोडेनवेर्डर हे बॅरन म्युन्शहाउझेनचं गाव. अचाट थापांसाठी जगभर माहीत झालेला हा सरदार इथे १७२० साली जन्मला. त्याचे पराक्रम गावच्या नोटांवर आले. हार्ट्स पर्वतातल्या गावांनी ब्रोकेन शिखरावर जमणाऱ्या चेटकिणी काढल्या. आयझेनाख आणि एर्फुर्ट यांनी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर काढला, आणि त्यांना निमित्तही चांगलं मिळालं होतं. १५२१ साली वोर्म्सच्या सभेत ल्यूथरने माघार घ्यायला नकार दिला, मग आयझेनाखजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहून बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. १९२१ मध्ये त्याला बरोबर ४०० वर्षं झाली. सैतानाला पळवून लावण्यासाठी त्याने दौत फेकून मारल्याची दंतकथा त्या किल्ल्यातल्या खोलीशी जोडलेली आहे. एर्फुर्टच्या नोटा ल्यूथरचं त्या शहरातलं आयुष्य सांगतात: १५०१ मध्ये विद्यापीठात आलेला मुलगा, आणि १५०५ मध्ये वादळात वीज जवळ कोसळल्यावर संन्यास घेण्याचा नवस बोललेला तरुण.

यांत मला भाषेमुळे वेगळी वाटणारी एक मालिका आहे, ती मेक्लेनबुर्गची. उत्तरेकडच्या या प्रदेशातली ७० गावं १९२१ मध्ये एकत्र आली आणि प्रत्येकाने १०, २५ आणि ५० फेनिगच्या, म्हणजे मार्कच्या सुट्या पैशांच्या, तीन नोटा काढल्या. सगळ्यांत समान धागा होता फ्रिट्स रॉयटर या लेखकाचा. १८१० मध्ये स्टावेनहागेनला जन्मलेला रॉयटर प्लाटड्यूच या उत्तर जर्मन बोलीत लिहायचा. शाळेत, कचेरीत, चर्चमध्ये प्रमाण जर्मन चालायची. बोली घरात आणि शेतावर. रॉयटरने तिच्यात कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या देशभर वाचल्या गेल्या. त्याची वाक्यं, त्याची पात्रं या नोटांवर आली, आणि लोक त्यांना रॉयटरगेल्ड म्हणू लागले. एखाद्या बोलीला नोटेवर जागा मिळणं ही लहान गोष्ट नाही. अहिराणी किंवा मालवणी वाक्य छापलेली नोट बाजारात हातात आली तर कसं वाटेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाने करून पाहावी.

पण रॉयटरगेल्डच्या वेळेपर्यंत या नोटांचा हेतू बदलून गेला होता. ७० गावांनी ठरवून, एकाच धाटणीच्या नोटा काढल्या त्या काही भाजीबाजारात मोड मिळावी म्हणून नव्हे. त्या संग्राहकांसाठी होत्या.

हे कसं झालं? नोटा सुंदर निघू लागल्या तशा लोक त्या खर्च करीनात. पोरांनी वहीत चिकटवल्या, मोठ्यांनी अल्बम केले. नगरपालिकांच्या लक्षात आलं की जी नोट परत येत नाही तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. पन्नास फेनिगची नोट छापायला खर्च अगदी थोडा. ती कुणाच्या अल्बममध्ये गेली की उरलेली रक्कम गावाची झाली. युद्धाने रित्या झालेल्या तिजोऱ्यांना हा मोठाच आधार वाटला. मग एकच चित्र कशाला? सहा चित्रांची मालिका काढा, गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगा, पाकिटात घालून विका. संपूर्ण गोष्ट हवी असेल तर सहाही नोटा घ्याव्या लागतील. नोटांची मुदतही थोडी ठेवत, म्हणजे बदलून घ्यायला येणारे आणखी कमी. पुढे खानावळी आणि मंडळंही असे कागद काढू लागली. सायलेशियातल्या ग्लोगाऊच्या फ्लेमिंग आणि विस्कोट या छापखान्यासारख्या संस्थांनी तर कितीतरी गावांचं काम घेतलं. डॉ. आर्नोल्ड केलर यांनी या नोटांना वाहिलेलं नियतकालिक चालवलं आणि त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. आज अभ्यासक ज्या सूचींवर विसंबतात त्यांची सुरुवात तिथे आहे.

या बाजारामुळे नोटा खोट्या ठरतात, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. गावाला आपली गोष्ट परक्या माणसाला विकायची असली की ती नीट सांगावी लागते. तिथे आळस चालत नाही. याच काळात खरे कलावंत या कामाकडे वळले. इट्सेहो गावात वेन्झेल हाब्लिक राहत होता, स्फटिकांसारख्या अद्भुत इमारतींची स्वप्नचित्रं काढणारा चित्रकार. त्याने आपल्या गावासाठी नोटा केल्या. फ्रँकोनियात हाइन्झ शिस्टलने एकामागून एक गावांच्या नोटांची चित्रं काढली.

कागदावरही गोष्ट थांबली नाही. ओस्टरवीक आणि पोस्नेक या गावांत चामड्याचा धंदा होता, तिथे चामड्यावर पैसे छापले गेले. बीलेफेल्ड हे तागाच्या कापडाचं जुनं शहर. तिथल्या बचत बँकेचा संचालक पाउल हांके याने १९२१ पासून रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा काढायला सुरुवात केली. गावच्या गिरण्यांचंच कापड, काहींना लेसची किनार. त्या मोडून कुणी बटाटे घेणार नव्हतं, हे हांकेला पक्कं ठाऊक होतं. त्या जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. कोपऱ्याकोपऱ्यात मजकूर भरलेल्या या नोटा भिंगाखाली वाचाव्या लागतात. गावाचा इतिहास, राजकारण, महागाई, सगळं तिथे दाटीवाटीने बसलेलं आहे.

आणि सॅक्सनीतलं माइसन. इथे जरा थांबलं पाहिजे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान फ्रीडरिश ब्योट्गर नावाचा तरुण किमयागार सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याच्या तावडीत सापडला. सोनं करून दाखव, असं सांगून ऑगस्टसने त्याला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही. पण त्या खटपटीतून आधी एक लालसर तपकिरी, कठीण, चकाकणारी भाजलेली माती तयार झाली, आणि तिच्यामागोमाग युरोपातलं पहिलं अस्सल पोर्सेलीन. १७१० मध्ये माइसनचा कारखाना सुरू झाला. दोनशे दहा वर्षांनी, जर्मनीतून सोन्याचं नाणं नाहीसं झालेलं असताना, सॅक्सनीने त्याच कारखान्याकडून त्याच तपकिरी मातीची नाणी पाडून घेतली. ब्योट्गरच्या हातून सोन्याऐवजी झालेली माती अखेर पैसा झाली, आणि ते पाहायला तो नव्हता.

आतापर्यंत जे सांगितलं त्यात उत्सव आहे, लाघव आहे. पण गावांनी नोटांवर फक्त गोडच गोष्टी काढल्या असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. मोकळी जागा मिळाली की माणूस मनात असेल ते लिहितो, आणि १९२० च्या जर्मनीच्या मनात बरंच काही साचलेलं होतं.

व्हर्सायच्या तहाने सरहद्दीवरच्या काही प्रदेशांचं भवितव्य मतदानावर सोपवलं होतं. श्लेस्विग प्रांत डेन्मार्कला द्यायचा की जर्मनीकडे ठेवायचा, यासाठी १० फेब्रुवारी १९२० रोजी उत्तर पट्ट्यात आणि १४ मार्चला दक्षिण पट्ट्यात मतदान झालं. त्या निमित्ताने अगदी लहान खेड्यांनीही नोटा काढल्या, काहींवर जर्मन, काहींवर डॅनिश, काहींवर दोन्ही भाषा. उत्तरेत सुमारे ७५ टक्के मतं डेन्मार्कला पडली, दक्षिणेत सुमारे ८० टक्के जर्मनीला. उत्तर पट्ट्याची मतं एकगठ्ठा मोजायची असं ठरलेलं होतं. त्यामुळे टोंडर्न शहराने स्वतः मोठ्या बहुमताने जर्मनीला कौल दिला, तरी ते डेन्मार्कमध्ये गेलं. त्या भागातल्या नोटा हातात घेतल्या की कळतं, आपण कोण हा प्रश्न तिथल्या माणसाला अल्बमसाठी पडलेला नव्हता.

१९२१ मध्येच ७५ फेनिगच्या नोटांची आणखी एक मालिका निघाली, गमावलेल्या वसाहतींच्या स्मरणदिनाची. टोगो, कॅमेरून, न्यू गिनी, नैर्ऋत्य आफ्रिका अशा प्रदेशांची चित्रं तिच्यावर आहेत. ती काढणारा हान्स आंटोन आशेनबोर्न नैर्ऋत्य आफ्रिकेत राहिलेला होता आणि तिथले प्राणी काढण्यात त्याचा हात फार चांगला होता. चित्रं देखणी आहेत. त्याच नैर्ऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, त्याची खूण मात्र त्या देखण्या चित्रांत शोधून सापडत नाही. काही गावांनी ज्यूद्वेषी चित्रंही छापली: महागाईचं, साठेबाजीचं खापर ज्यूंवर फोडणारी व्यंगचित्रं. तीही परीकथांच्या शेजारी, त्याच आकाराच्या कागदावर, त्याच सह्यांसह. संग्रह करणाऱ्याने ती पानं वगळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जुलै १९२२ मध्ये सरकारने कायदा करून अशा नोटा काढण्यावर बंदी घातली. तोवर फेनिगला काही किंमतच उरली नव्हती. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. त्या जुलैत सरासरी जवळजवळ ५०० पडत होते. फ्रान्स आणि बेल्जियमने जानेवारी १९२३ मध्ये रूर खोरं ताब्यात घेतलं, संपावर गेलेल्या कामगारांना पोसायला सरकारने बेसुमार नोटा छापल्या, आणि मार्क कोसळला. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते.

नोटगेल्ड परत आलं, या वेळी खरोखरच नाइलाजाने. राइश्सबांकेची छपाई दिवसरात्र चालूनही पुरी पडत नव्हती, म्हणून शहरं, रेल्वे, कारखाने हजारांच्या, लाखांच्या, पुढे अब्जांच्या नोटा काढू लागले. थुरिंगियाच्या सरकारी बँकेने नोटांचं काम वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दिलं. १० लाख, २० लाख मार्कांच्या या नोटांवर ना किल्ला आहे ना परी. जाड सरळ अक्षरं, काळे पट्टे, रंगाचे सपाट चौकोन आणि आकडा. आज आधुनिक मांडणीच्या इतिहासात त्या सन्मानाने दाखवल्या जातात, आणि त्या खरोखर फार चांगल्या आहेत. गोष्ट सांगायला त्या वेळी कुणाला सवड नव्हती. नोट छापून बाहेर पडेपर्यंत तिची किंमत उतरत होती. माणसाला फक्त आकडा वाचायचा होता, आणि तोही चटकन.

इतरत्र तर एवढाही विचार झाला नाही. राइश्सबांकेसकट अनेकांनी नोटा एकाच बाजूने छापायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा यंत्रातून काढायला वेळ नव्हता, शाई परवडत नव्हती. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक या दराने, आणि जुन्या नोटांचे गठ्ठे घरोघर पडून राहिले. जिथे दोन वर्षांपूर्वी पुंगीवाला होता, ल्यूथर होता, चेरी खाणारी मुलं होती, ती नोटेची मागची बाजू आता कोरी होती.

पुढच्या निवडणुकांच्या प्रचारात हिटलरच्या पक्षाने त्या रद्दी नोटा गोळा केल्या, कोऱ्या बाजूवर ज्यूंविरुद्धचा मजकूर छापला आणि त्या रस्त्यांत वाटल्या.